उष्णकटिबंधीय बेटे, बदलते हवामान आणि संवर्धनाचा आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटांचा वेगळा विचार कशासाठी? किनारा तो किनारा, जंगल ते जंगल.

पृथ्वीवरच्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के जमीन बेटांवर आहे. इ.स. १५०० नंतर नामशेष झालेल्या ज्ञात प्रजातींपैकी मात्र सुमारे ६१ टक्के बेटांवरच्या होत्या. खंडावर हवा तापली की प्रजाती पिढ्यान्‌पिढ्या थोडथोडी सरकत जाते. बेटावर सरकायला वाट एकच, डोंगर वर; आणि डोंगर नसेल तर तीही नाही.

काम सुरू करण्याआधी बेट कोणत्या जातीचे आहे ते ठरवा. ज्वालामुखीने घडलेल्या उंच बेटाला ढगांची उंची, ओढे आणि डास यांची काळजी असते. प्रवाळाच्या वाळूखड्यांनी बनलेल्या सपाट कंकणद्वीपाला लाटा आणि गोडे पाणी यांची. समुद्रातून वर उचलल्या गेलेल्या चुनखडीच्या बेटाला (हिंदी महासागरातले अल्डाब्रा हे त्याचे ठळक उदाहरण) पाऊस किती दिवस दडी मारतो याची. एका प्रकारच्या बेटासाठी लिहिलेला आराखडा नावे बदलून दुसऱ्याला चिकटवलेला अनेकदा दिसतो, आणि तो पहिल्याच मोठ्या उधाणात किंवा पहिल्याच दुष्काळात उघडा पडतो.

समुद्राची पातळी वाढते आहे म्हणजे सपाट बेटे बुडणारच ना?

इतके सरळ नाही. प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. याच काळात तिथला समुद्र जागतिक सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने चढत होता. चारांपैकी साधारण तीन बेटे वाढली होती, उरलेली झिजली होती.

कारण कंकणद्वीप म्हणजे खडक नव्हे, ढीग आहे, आणि त्या ढिगाला रोज नवा माल मिळतो. पोपटमासे प्रवाळ कुरतडून वाळू टाकतात, हॅलिमेडा हे चुनखडी शेवाळ मरून वाळू होते, सूक्ष्म कवचधारी जीवांची कवचे साचतात, वादळात तुटलेले प्रवाळ किनाऱ्यावर फेकले जाऊन तिथला उंचवटा आणखी चढतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाच्या प्रवाळमंचावर मोजणी केली तेव्हा नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची निघाली. म्हणून पोपटमाशांची मासेमारी हा सपाट बेटावर जमिनीचा प्रश्न आहे. आराखड्यात तो मत्स्यव्यवसायाच्या प्रकरणात ढकलू नका.

यावरून निश्चिंत होणेही चूक. २००६ ते २०१८ दरम्यान जागतिक पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटर चढत होती. शतकाअखेरीपर्यंतची वाढ उत्सर्जनानुसार ढोबळमानाने ०.३ ते १ मीटर अपेक्षित आहे. प्रवाळ मेले तर माल थांबतो, आणि क्षेत्रफळ टिकले तरी बेट राहण्याजोगे राहीलच असे नाही. बेट जागा बदलते, एका टोकाला झिजते, दुसऱ्या टोकाला भरते. झिजत्या टोकावर पक्ष्यांची एकमेव वसाहत असेल तर एकूण बेरीज वाढल्याचा त्यांना काही उपयोग नाही.

मग आधी धोक्यात काय येते?

गोडे पाणी. सपाट बेटाखाली पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत असते. घनतेतला फरक इतका थोडा आहे की भूजलाची पातळी समुद्रापेक्षा १ सेंटिमीटर वर असेल तर खाली साधारण ४० सेंटिमीटर गोडे पाणी धरले जाते. हे गणित उलट्या बाजूनेही तितकेच चालते: पंपाने पातळी ५ सेंटिमीटर खाली ओढली की खालचे खारे पाणी दोन मीटर वर यायला निघते. प्रत्यक्षात मधे मिश्र पाण्याचा जाड थर असतो, त्यामुळे वापरण्याजोगे पाणी सूत्रापेक्षा कमीच भरते.

लाट बेटावरून वाहून गेली की मीठ वरून शिरते. भिंग पुन्हा गोडे व्हायला किती पाऊस पडतो त्यानुसार काही महिने ते एक-दोन वर्षे लागतात. अशा लाटा त्याआधीच परत येऊ लागल्या की भिंग सावरतच नाही. बेट पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी ही वेळ येऊ शकते. पिसोनियासारखी मोठी झाडे, केवडा, खड्ड्यांतली अळूची शेती हे सगळे याच पाण्यावर उभे असते.

करायचे ते असे. विहीर खोल खणू नका; उथळ आडव्या चरातून, छिद्रांच्या नळ्या घालून, वरचेवरचे पाणी हळूहळू घ्या. बेटाच्या मध्यभागी, जिथे भिंग सर्वात जाड असते तिथे, वाळू-खडीच्या खाणी, शोषखड्डे आणि कचरा नको. निरीक्षण विहिरींत वेगवेगळ्या खोलीवर विद्युतवाहकता (पाणी जितके खारे तितकी ती जास्त) दर महिन्याला मोजा. समुद्राचे पाणी ५०,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते. पिण्यासाठी २,५०० ही वरची मर्यादा कंकणद्वीपांवर सर्रास वापरतात. फक्त पृष्ठभागाचा नमुना घेतला तर बिघाड उशिरा कळतो, कारण तो खालून वर येत असतो. लाट येऊन गेल्यावर खाऱ्या झालेल्या विहिरी लगेच जोरात उपसून काढण्याचा मोह होतो, पण तो उपसा बेताने करा. सगळ्या विहिरी एकदम उपसल्या तर खालूनही खारे पाणी ओढले जाते.

धूपप्रतिबंधक बंधारा बांधला तर?

वस्ती, दवाखाना किंवा धक्का वाचवायला कधी कधी पर्याय नसतो. परिसंस्थेसाठी मात्र बंधारा सहसा तोट्याचा. उभ्या भिंतीवरून लाट परतते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण अरुंद होते, भिंत संपते तिथे शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते. शिवाय वादळाने वर फेकायचा माल भिंतीबाहेर अडतो, म्हणजे बेटाची उंच होण्याची नैसर्गिक क्रियाच थांबते. दोन बेटांना जोडणारे भरावाचे रस्ते याहून वाईट, कारण ते मधली खाडी बुजवून वाळूची वाटच बंद करतात. रस्ता हवाच असेल तर खांबांवरचा पूल करा. मोरीचे चार पाइप टाकून ते भागत नाही.

त्याऐवजी किनाऱ्यालगतचा झाडोरा २० ते ३० मीटर रुंदीचा ठेवा, बांधकाम त्यामागे न्या, लगूनमधून (प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यातून) वाळू उपसणे बंद करा.

प्रवाळ विरंजनाचा इशारा कसा वाचायचा?

पाणी तापून प्रवाळ पांढरा पडतो, त्याला विरंजन म्हणतात. उष्णतेचा साठा ‘अंश-आठवडे’ या मापात मोजतात. त्या ठिकाणच्या सर्वात उष्ण महिन्याचे दीर्घकालीन सरासरी तापमान घ्या. पाणी त्याहून १ अंश किंवा जास्त तापलेला प्रत्येक आठवडा मोजा आणि मागच्या १२ आठवड्यांची बेरीज करा. समजा ती सरासरी २९ अंश आहे. पाणी तीन आठवडे ३०.५ अंशांवर राहिले तर १.५ गुणिले ३, म्हणजे ४.५ अंश-आठवडे. आठवडाभर २९.८ असले तर मात्र बेरजेत शून्य. साधारण ४ ला ठळक विरंजन, ८ ला मोठ्या प्रमाणावर विरंजन आणि मृत्यू अपेक्षित धरतात. २०२३ मधल्या उष्णतेत जुने दोन टप्पे अपुरे पडले, आणि इशाऱ्याची श्रेणी पाचपर्यंत वाढवावी लागली. पाचवी पायरी २० अंश-आठवड्यांना लागते.

गफलत इथे होते: उपग्रह पाच किलोमीटरच्या चौकोनातल्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो. बंदिस्त लगूनमध्ये पाणी त्याहून तापते, बाहेरच्या उतारावर खोलातले थंड पाणी वर येऊन ते निवते. म्हणून २, १० आणि २० मीटर खोलीवर तापमाननोंदी यंत्रे लावा, ती लावण्याआधी एकाच बादलीत ठेवून एकमेकांशी ताडा आणि उथळातल्या यंत्राला सावली करा. नाहीतर तुम्ही ऊन मोजत बसाल.

बेरीज ४ अंश-आठवड्यांकडे सरकू लागली की करण्यासारखे मोजकेच असते, पण ते करावे: गाळ उपसणे आणि बांधकाम थांबवा, नांगर टाकण्यास बंदी, सांडपाण्याची गळती बंद, शेवाळ खाणाऱ्या माशांची मासेमारी बंद. पाहणी दोनदा हवी, एकदा उष्णतेच्या शिखरानंतर चार ते सहा आठवड्यांनी आणि पुन्हा सहा-आठ महिन्यांनी. पांढरा पडलेला प्रवाळ जिवंत असतो. पहिल्या पाहणीतले पांढरे क्षेत्र ‘मेले’ म्हणून छापून मोकळे होणाऱ्यांनी या विषयाचे बरेच नुकसान केले आहे.

प्रवाळांच्या रोपवाटिका लावाव्यात का?

एखाद्या जहाजाने घासून उद्ध्वस्त केलेला तुकडा, स्फोटके टाकून मासेमारी केलेला खड्यांचा उतार, अशा ठिकाणी जरूर. तिथे बिघाडाचे कारण संपलेले असते. उष्णतेने मेलेल्या प्रवाळमंचावर मात्र कारण जागेवरच असते, आणि आपण त्याच पाण्यात नवे तुकडे नेऊन बांधतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात रोपवाटिकाच तापल्या आणि तुकडे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर गेली तर उष्णकटिबंधीय प्रवाळांची ७० ते ९० टक्के हानी आणि २ अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक, हा हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाचा (आयपीसीसी) २०१८ चा अंदाज आहे. त्यापुढे हाताने लावलेले काही हजार तुकडे फार तर बियाणे म्हणून जपता येतील.

लावायचेच असेल तर एकाच मातृवसाहतीचे तुकडे करून हजारो लावू नका. ते सगळे एकाच आठवड्यात मरतात. निदान दहा-पंधरा वेगवेगळ्या वसाहती घ्या, उष्ण कोपऱ्यात टिकलेल्यांना पसंती द्या, आणि पुढची पाच वर्षे मोजणी करण्याइतका निधी आधी बाजूला काढा. बहुतेक प्रकल्पांची मोजणी दीड वर्षाच्या आत थांबते, आणि यशाचे आकडे त्याच दीड वर्षातले असतात.

हवामानबदलाच्या आराखड्यात उंदीर कुठून आले?

ते आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवेत. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात उंदीर असलेली आणि नसलेली बेटे शेजारी-शेजारी आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उंदीरमुक्त बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट निघाली. पक्षी भर समुद्रातले मासे खाऊन बेटावर विष्ठा टाकतात, त्यातला नत्र पावसाने उथळ समुद्रात उतरतो, आणि तिथल्या माशांचे एकूण वजन उंदीर असलेल्या बेटांच्या तुलनेत ४८ टक्के जास्त भरले. आता समुद्रपातळीच्या प्रश्नाचे उत्तर आठवा: मासे प्रवाळ खरवडून स्वच्छ ठेवतात आणि वाळू बनवतात. म्हणजे उंदीर काढणे हा बेटाच्या जमिनीचाच दुरुस्तीखर्च आहे, आणि तो जागतिक उत्सर्जनाची वाट न पाहता आज करता येतो.

उंदीर निर्मूलन कसे करतात, आणि कुठे फसते?

शेवटची मादी राहिली तरी काम वाया जाते, त्यामुळे ‘९९ टक्के यश’ हा शब्दप्रयोग इथे निरर्थक आहे. उष्णकटिबंधात अपयशाचे प्रमाण समशीतोष्ण बेटांपेक्षा जास्त आहे. प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर २०११ ची मोहीम फसली. त्याच महासागरातल्या वेक बेटावर २०१२ मध्ये एक जात संपली, दुसरी, पॅसिफिक उंदीर, वाचली.

फसण्याची कारणे ठरलेली आहेत. जमिनीवरचे खेकडे आमिष फस्त करतात. त्यांना विष बाधत नाही, पण उंदरांना काही उरत नाही. वर्षभर फळे-बिया असल्याने उंदीर भुकेले नसतात आणि पिल्ले बाराही महिने होतात. नारळाच्या शेंड्यात राहणारा उंदीर आठवडाभर खाली उतरतच नाही.

म्हणून आधी बिनविषारी आमिषाची चाचणी घ्या. त्यात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळतात. मग सापळ्यात आलेल्या प्रत्येक उंदराच्या अंगावर किंवा विष्ठेत तो दिसतो का ते पाहतात. एक जरी न चमकणारा निघाला तरी मात्रा किंवा पसरण्याची पद्धत चुकलेली आहे. हेक्टरी मात्रा अशी ठरवा की खेकड्यांनी खाऊनही सर्वत्र किमान चार रात्री आमिष शिल्लक राहील. दाट खेकडे असलेल्या कंकणद्वीपावर ती थंड प्रदेशातल्या बेटांच्या कितीतरी पट भरते, आणि अंदाजपत्रक तिथेच कोसळते. खर्च वाचवायला मात्रा कमी करू नका. मोहीमच पुढे ढकला.

आमिष दोनदा टाकतात, मध्ये दहा दिवस ते तीन आठवडे ठेवून, म्हणजे पहिल्या फेरीत बिळात असलेली पिल्ले दुसऱ्या फेरीत सापडतात. हेलिकॉप्टरने आमिष टाकायच्या पट्ट्या एकमेकींवर निम्म्या चढलेल्या हव्यात. पाण्यावर झुकलेल्या माडांसाठी पालमायरा कंकणद्वीपावर २०११ मध्ये आमिषाच्या थैल्या दोरीला बांधून शेंड्यांत अडकवल्या होत्या. ती मोहीम यशस्वी झाली. तिचा कोणी न मागितलेला लाभ असा की माणसे आणि उंदीर यांच्या रक्तावर जगणारा आशियाई वाघडास पुढे तिथे सापडेनासा झाला.

वस्ती असलेल्या बेटावर प्रत्येक घराची संमती, मुले, कुत्री-मांजरे, कोंबड्या, धान्याची साठवण, कचरा हे सगळे वेळापत्रकात बसवावे लागते. ब्रोडिफॅकमसारखे विष खेकड्यांच्या अंगात काही काळ राहते, म्हणून अवशेषांची तपासणी होईपर्यंत खेकडे खाणे बंद. स्थानिक शिकारी पक्षी किंवा किनाऱ्यावरचे पाहुणे पक्षी मेलेले उंदीर-खेकडे खाऊन मरू शकतात. दुर्मीळ प्रजाती असेल तर काही पक्षी आधी पकडून पिंजऱ्यात सांभाळा.

नंतर निदान एक-दोन वर्षे मेणाचे तुकडे (दातांच्या खुणांसाठी), शाईचे बोगदे (पावलांच्या ठशांसाठी) आणि कॅमेरे लावून तपासल्याशिवाय यश जाहीर करू नका. काळा उंदीर काही शे मीटर सहज पोहतो. जवळची बेटे एकच घटक समजून एकाच वेळी घ्या. आणि बोटीवरचे सापळे, सामानाची तपासणी, उंदीर दिसल्यावर दोन दिवसांत बाहेर काढता येईल अशी तयार पेटी यांचा वार्षिक खर्च कायमचा धरा.

नारळाची झाडे तोडावीत का?

जुन्या मळ्यांनी कित्येक कंकणद्वीपांवरचे मूळचे जंगल गिळले आहे, आणि समुद्रपक्षी माडावर फारसे घरटे करत नाहीत. पण सगळे माड एका हंगामात पाडू नका. समुद्राकडच्या उंचवट्यावरचे माड देशी झुडपे उभी राहीपर्यंत ठेवा, आतले टप्प्याटप्प्याने काढा, पडलेले नारळ गोळा करा. रोपे पुन्हा पुन्हा येतात. पहिली तीन-चार वर्षे ती उपटण्याची फेरी चुकली की मळा परत उभा. लोक नारळावर जगत असतील तर हा प्रश्नच वेगळा आहे, आणि तो त्यांच्याशी बोलून सोडवायचा.

उंच बेटांवर काय होते?

साधारण १०० मीटर चढलो की हवा ०.६ अंशाने थंड होते. म्हणजे १ अंश तापमानवाढीत तीच हवा शोधायला एकशे साठ-सत्तर मीटर वर जावे लागते. डोंगर शंकूसारखा असतो: शिखर १,००० मीटर असेल तर ५०० मीटरच्या वर जमीन निम्मी नसते, फक्त पाव असते. या एका भूमितीत बरेच काही आले.

हवाईत ही रेषा डासाने आखली आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर आलेला क्युलेक्स डास पक्ष्यांचा हिवताप पसरवतो. परजीवीची वाढ सुमारे १३ अंशांखाली थांबते, म्हणून मधपक्ष्यांच्या (हवाईतल्या मूळच्या लहान रानपक्ष्यांच्या) उरलेल्या जाती वरच्या थंड जंगलात तग धरून होत्या. काउआई बेटाचा माथाच सुमारे १,६०० मीटर असल्याने तिथे थंड पट्टा आता जवळपास उरलेला नाही, आणि अकीकीकी हा पक्षी रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका राहिला. २०२३ अखेरीस माउई बेटावर अंगात वेगळ्या प्रकारचा वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडायला सुरुवात झाली. हे नर चावत नाहीत; त्यांच्याशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. रानातल्या नरांपेक्षा सोडलेले नर कितीतरी पट जास्त असावे लागतात आणि सोडणे खंड न पाडता चालू ठेवावे लागते, कारण खालच्या उतारावरून डास येतच राहतात. याला जोडून साधे काम म्हणजे रानडुकरांना कुंपणाबाहेर ठेवणे. ती वृक्षनेच्यांची खोडे पोखरतात, त्या पोकळीत पाणी साचते आणि डासांच्या अळ्या तिथेच वाढतात. कुंपण दर महिन्याला चालून तपासले नाही तर एका पडलेल्या झाडाने ते निकामी होते.

ढगांत भिजणाऱ्या जंगलाचे दुखणे वेगळे. तिथे पाऊस मोजून पुरत नाही, पानांवर धरलेले धुके ठिबकते तेही मोजा. ढगांचा तळ वर सरकला तर पर्जन्यमापक काहीच दाखवत नाही आणि शेवाळे, आमरी, बेडूक मात्र वाळतात. माउईच्या हालेआकाला या ज्वालामुखीवरची रुपेरी तलवारवनस्पती विसाव्या शतकाच्या अखेरीपासून घटू लागली. तिथे घट वरून नव्हे, खालच्या भागातून सुरू झाली, आणि व्यापारी वाऱ्यांवरचे उष्ण हवेचे झाकण जास्त दिवस टिकू लागल्याने पाऊस घटला हे त्यामागचे कारण मानले जाते.

चक्रीवादळासाठी तयारी म्हणजे काय?

एकाच टोपलीत सगळी अंडी न ठेवणे. २०१७ च्या मारिया वादळात प्वेर्तो रिकोच्या एल युंके जंगलातले रानातले पोपट जवळपास सगळे गेले. जात वाचली ती दुसऱ्या जंगलात आधीच वसवलेला थवा आणि बंदिस्त पैदास यांमुळे. उलट, ग्रँड बहामावरच्या नटहॅच पक्ष्याला दुसरे घर नव्हते, आणि २०१९ च्या डोरियनने पाइनची जंगले समुद्राच्या पाण्याने मारली.

वादळानंतरचे पहिले काही आठवडे महत्त्वाचे. फळे झडलेली असतात. फलाहारी पक्षी-वटवाघळांना पूरक खाणे त्याच काळात लागते. पडलेली खोडे साफ करण्याची घाई नको, त्यांच्या आडोशाला देशी रोपे उगवतात. आक्रमक वेलींना मात्र मोकळे आकाश मिळालेले असते. पहिल्या सहा महिन्यांत त्या काढल्या नाहीत तर नंतर खर्च कित्येक पट होतो. मदतीच्या सामानातून मुंग्या, पाली, उंदीर येतात. तपासणी ढिली पडण्याचा हाच काळ असतो.

कासवांची सगळी पिल्ले माद्या होत आहेत हे खरे का?

काही किनाऱ्यांवर बहुतांशी. ग्रेट बॅरिअर रीफच्या उष्ण उत्तर भागातल्या हिरव्या कासवांत पौगंडावस्थेतली ९९ टक्क्यांहून अधिक, तर प्रौढांपैकी सुमारे ८७ टक्के माद्या आढळल्या. अंडी उबण्याच्या मधल्या तिसऱ्या भागात वाळू साधारण २९ अंशांच्या वर असेल तर माद्या जास्त. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे लगेच हाहाकार नको. पण ३३-३४ अंशांपुढे गर्भच मरू लागतात, आणि खरी सीमा ती.

घरट्याच्या खोलीवर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटरवर, तापमान नोंदवा. किनाऱ्यावरची झाडांची सावली हा सर्वात स्वस्त उपाय. नाहीतर झावळ्यांचा मांडव, किंवा गोडे पाणी शिंपडणे. पण पाण्याची टंचाई असलेल्या बेटावर शेवटचा उपाय कागदावरच शोभतो. भरतीरेषेखालचे घरटे हलवायचे असेल तर त्याच रात्री, अंडी घातल्यापासून दोन-तीन तासांत, अंडे न फिरवता. उशीर झाला की गर्भ कवचाला चिकटतो आणि फिरवल्यास मरतो.

कांदळवन लावले की किनारा वाचतो?

योग्य जागी वाचतो. बहुतेक लागवडी अयोग्य जागी होतात, कारण चिखलाचा उघडा पट्टा सरकारी असतो, रिकामा दिसतो आणि तिथे लावायला कोणाची हरकत नसते. ती जागा कांदळासाठी फार खोल असते. कांदळवन मध्यम समुद्रपातळीच्या वर, उच्च भरतीच्या खाली जगते. दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ पाण्यात बुडणारी रोपे सहसा मरतात. समुद्रगवताच्या कुरणात रोपे खोचली तर दोन्ही जातात. आधी शेजारच्या निरोगी कांदळवनाची पातळी मोजा, बंद झालेली पाण्याची वाट उघडा; बिया स्वतः येतात. समुद्र वर्षाला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त चढू लागला तर कांदळवनाला गाळ साचवून सोबत चढणे कठीण जाते असे जुन्या गाळाच्या नोंदी सांगतात. तेव्हा मागे सरकायला जमीन मोकळी ठेवणे हेच खरे संवर्धन.

हवामानाच्या संगणकीय प्रतिमानातून आमच्या बेटाचा अंदाज मिळेल का?

जागतिक प्रतिमानाचा एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात लहान बेट म्हणजे समुद्रच. डोंगराची ओली आणि कोरडी बाजू त्याला दिसत नाही. दिशा घ्या, दशांश चिन्हानंतरचे आकडे घेऊ नका. त्याऐवजी ‘जास्त कोरडे’, ‘जास्त ओले’, ‘लागोपाठ दोन वादळे’ अशा तीन-चार शक्यता मांडा आणि प्रत्येक काम त्या सगळ्यांत टिकते का ते तपासा.

पातळीबद्दलही असेच. तीव्र एल निनोत पश्चिम प्रशांत महासागराची पातळी २०-३० सेंटिमीटर उतरते, ला निनात चढते. तीन-चार वर्षांच्या नोंदीवरून कल काढू नका. जमीनही हलते. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा भाग मीटरभराहून उचलला जाऊन प्रवाळ उघडे पडले, तर ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक खचले. भरतीमापकाशेजारी उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचे कायमचे केंद्र असल्याशिवाय पाणी चढले की जमीन बसली ते कळत नाही.

आराखड्यात कृती कधी करायची हे कसे लिहावे?

तारखेने नव्हे, उंबरठ्याने. ऑस्ट्रेलियाच्या ब्रँबल के या चार-पाच हेक्टरांच्या, तीन मीटर उंचीच्या बेटावर मेलोमिस हा उंदरासारखा प्राणी फक्त तिथेच होता. २००४ मध्ये २.२ हेक्टरांच्या आसपास असलेला झाडोरा मार्च २०१४ मध्ये ०.०७ हेक्टरांखाली आला. प्राणी शेवटचा २००९ मध्ये दिसला होता. पुनरुज्जीवनाचा आराखडा २००८ पासून अस्तित्वात होता. झाडोरा एक हेक्टरावर आला की वीस प्राणी पकडून आणायचे, असे एक वाक्य त्यात असते आणि पाळले गेले असते, तर २०१९ मध्ये देशाला तो प्राणी नामशेष जाहीर करावा लागला नसता.

प्रत्येक महत्त्वाच्या प्रजातीसमोर चार गोष्टी लिहा: काय मोजायचे, कोणता आकडा ओलांडला की हलायचे, कोणी हलायचे, आणि पैसे कुठे ठेवलेले आहेत. उंबरठा इतका आधी ठेवा की परवानग्या, बोट आणि हंगाम यांत जाणारी दोन वर्षे त्यात मावतील. मग प्रत्येक जागेसाठी ठरवा: बदल रोखायचा, स्वीकारायचा, की वळवायचा. ‘स्वीकारायचा’ असे एकाही जागेपुढे लिहिलेले नसेल तर आराखडा प्रामाणिक नाही.

प्रजाती दुसऱ्या बेटावर हलवणे कितपत जमते?

हवाईच्या वायव्येकडच्या लेसान बेटावरच्या बदकाची ४२ पाखरे २००४ आणि २००५ मध्ये मिडवे बेटावर नेली, ती भराभर वाढली. २००८ मध्ये बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेने शंभराहून अधिक मेली, आणि २०१४ मध्ये क्युरे बेट हे तिसरे घर करण्यात आले. दोन घरे ही सुरुवात समजा. वादळपक्ष्यांसारखे बिळात घरटे करणारे पक्षी प्रौढपणी हलवून उपयोग नसतो, ते परततात. पिल्लू बिळाबाहेर येऊन आकाश पाहण्याआधी उचलावे लागते, उडेपर्यंत हाताने मासे-माखूळ भरवावे लागते. मग काही वर्षांनी ते नव्या जागी परत येते. उष्णकटिबंधाच्या थोडे बाहेर, बर्म्युडात, काहाओ या वादळपक्ष्याची सुमारे शंभर पिल्ले २००४ ते २००८ दरम्यान सखल खडकांवरून उंच नॉनसच बेटावर अशीच नेली आणि ती तिथे अंडी घालू लागली. नेण्याआधी नव्या बेटावरचे उंदीर-मांजरे काढलेली हवीत, रोगतपासणी हवी, आणि तिथल्या मूळ जिवांना काय त्रास होईल याचे उत्तर लेखी हवे.

एखादी प्रजाती हवामानबदलाने संपली असे कधी म्हणावे?

घाई करू नये. अल्डाब्राची ऱ्हाकिस्टिया ही गोगलगाय पाऊस घटल्याने नामशेष झाली असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. २०१४ मध्ये ती जिवंत सापडली. लहान, कोरड्यात दडून राहणाऱ्या प्राण्यांसाठी शोध ओल्या हंगामात, रात्री, आणि पूर्वी कधी न पाहिलेल्या भागातही घ्यावा लागतो. प्रत्येक फेरीत किती तास, किती माणसे, कुठल्या पट्ट्यात फिरली ते लिहा, काही सापडले नाही तेव्हासुद्धा; ‘आढळले नाही’ या नोंदीला त्याशिवाय किंमत नसते.